शहाळ्याचे बाळ

नवजात मूल हातात कसे धरावे, हे मी तीन पावसाळे खाडीकाठच्या मच्छीमारांना शहाळ्यावर शिकवले. आमच्या भागात शहाळ्याला अडसर म्हणतात. बऱ्यापैकी अडसर आणि नुकते जन्मलेले मूल हातात साधारण सारखेच जड लागते. त्यावर एक लहान कोवळा नारळ डोके म्हणून ठेवायचा आणि दोन्ही मिळून आईच्या जुन्या लुगड्यात बांधायचे. डोक्याकडची गाठ मी मुद्दाम सैल ठेवत असे, म्हणजे मानेखाली हात दिला नाही की डोके लगेच लटकायचे आणि सगळा वर्ग हसायचा. पोटावर नाळ म्हणून भिजवलेल्या सुताचा पीळ शिवलेला असे. ही शहाळी माझे वडील माडावर चढून काढून देत. त्यांचा धंदाच नारळ पाडण्याचा. आपला मुलगा बी.ए. होऊन शहाळ्याला आंघोळ घालतो, याचे त्यांना काय वाटत असे ते त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. दर खेपेला ते एक जास्तीचे शहाळे देत आणि म्हणत, "ह्या पिवक. शिकवन शिकवन घसो सुकता."

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. शाळेतल्या हेडमास्तरांनी वडिलांना समजावले नसते आणि कोल्हापूरच्या वसतिगृहात मला फुकट जेवायला मिळाले नसते, तर मीही माडावरच चढलो असतो. म्हणून सरकारच्या विकास गटात समाजशिक्षण संघटकाची जागा मिळाली तेव्हा मला देव भेटल्यासारखे झाले. एकोणीसशे पंचावन्न-साठचा तो काळ. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आम्ही रत्नागिरीचेच. काम म्हणजे प्रौढांचे वर्ग, भजनी मंडळे, शोषखड्डे आणि गावोगावी तक्ते टांगून व्याख्याने. नेमणूक तात्पुरती होती. कायम होण्यासाठी वरिष्ठांचा चांगला शेरा लागे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झाले त्याच्या मुळाशी हा शेरा आहे.

बापांच्या वर्गाची कल्पना माझी. आमच्या आरोग्य केंद्रातल्या नर्स नलिनीबाई खारेपाटणकडच्या. गावोगाव पायी फिरत, पण सासवा त्यांना बाळंतिणीच्या खोलीत जाऊ देत नसत. मूल जन्मले की नाळ कापायची विळीने किंवा अडकित्त्याने, नाळेवर शेणीची राख दाबायची, आईचा पहिला चीक पिळून टाकायचा आणि मुलाला गुळाचे पाणी चाटवायचे, अशी सगळी रीत. त्यातली राख सगळ्यात वाईट. तिच्यातून धनुर्वात होतो. सहाव्या-सातव्या दिवशी मुलाची दातखीळ बसते, दूध ओढता येत नाही, आणि मग काही करता येत नाही. लोक म्हणत, सटवीने नेले.

घरात शेवटचा शब्द पुरुषाचा असतो, तेव्हा आधी पुरुषाला शहाणे करा, असे आमच्या प्रशिक्षण केंद्राच्या पुस्तकात होते. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात आणि पुरुष घरी असतात. म्हणून रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायची मोठी जाळी ठेवायच्या मांगरात मी वर्ग सुरू केला. ज्यांना पहिलेच मूल व्हायचे आहे किंवा नुकते झाले आहे, अशा तरुणांसाठी.

आईला हे सांगितले तेव्हा ती तांदूळ पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "अरे, पयला बाळंतपण म्हायेराक. बापाक शिकवन तू काय करतलस?"

मी हसलो. तिला पुस्तकातला मुद्दा सोपा करून समजावून सांगितला. तिने ऐकून घेतला.

वर्गात पहिले काही दिवस नुसती चेष्टा चाले. सखा तांडेल म्हणून एक म्हातारे होते. त्यांना सात मुले, धाकटा मिसरूड फुटलेला. तरी ते रोज पुढे येऊन बसत. मी मान सावरायला शिकवायला लागलो की ते म्हणत, "मास्तर, माज्या एकाय पोराची मान कोणी असी धरूक नाय. सगळी जिती आसत!"

"सगळी म्हणजे किती, तांडेल?" एकदा नलिनीबाईंनी विचारले. "जन्मली किती?"

तांडेलांनी बोटे मोजायला घेतली आणि मध्येच थांबवली.  पण दुसऱ्या दिवशीही आले.

माझा सगळ्यात चांगला विद्यार्थी बाबलो. चोवीस-पंचवीस वर्षांचा, रापणीवर काम करणारा, अंगाने दणकट आणि बोलायला तिखट. जाळी विणणाऱ्याचे हात होते ते. नाळेला दोन ठिकाणी दोऱ्याने बांधून मधोमध कापायचे असते. तो ती गाठ अशी घाली की सुताचा पीळ जरासुद्धा सरकत नसे. माझी सरकायची. हे त्याला ठाऊक होते आणि तो ते चारचौघांत दाखवून देई.

एकदा बाळाची आंघोळ शिकवताना त्याने विचारले, "मास्तर, तुमी तुमच्या झिलाक कितव्या दिसाक हातात घेतलास?"

माझा मुलगा त्याच्या आदल्या वर्षी देवगडला, माझ्या सासरवाडीला जन्मला होता. मी गेलो तो बाराव्या दिवशी, बारशाला. सासूबाईंनी क्षणभर मांडीवर दिला, तो रडला आणि त्यांनी परत घेतला. खऱ्या अर्थाने मी त्याला उचलले तो अडीच महिन्यांचा होऊन घरी आला तेव्हा. आंघोळ तर कधीच घातली नाही.

"तिसऱ्या दिवशी," मी म्हणालो.

"बरो जावय! आमका तर सोयर फिटासर खळ्यातच बसवतत." बाबलो म्हणाला आणि सगळे हसले. घरात मूल जन्मले की दहा दिवस जो विटाळ पाळतात त्याला सोयर म्हणतात, आणि खळे म्हणजे घरापुढचे सारवलेले अंगण. मीही हसलो. आई काय म्हणाली होती ते तेव्हाही माझ्या डोक्यात आले नाही. मी किती शिकलो होतो त्याची कल्पना यावी म्हणून हे लिहिले.

वर्ग संपला की प्रत्येकाला आम्ही एक पुडके देत असू. उकळलेले दाढीचे पाते, उकळलेला दोरा आणि धुऊन कडक उन्हात वाळवलेले फडके, वरून गाठ मारलेले मेणकापड. पोटुशी बायको असलेल्याने ते जपून ठेवायचे आणि वेळ आली की सुईणीच्या हातात द्यायचे. बाबल्याची बायको तिसऱ्या पावसाळ्यात पोटुशी होती आणि खाडीपलीकडे माहेरी गेली होती. त्याने पुडके माळ्यावर टाकले नाही. आजूबाजूचे हसत तरी तो ते सदऱ्याच्या आतल्या खिशात घालून फिरे.

श्रावणातल्या एका दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणाहून मोठे साहेब आमचा वर्ग बघायला येणार होते. असा वर्ग दुसरीकडे कुठे नाही असे मी अहवालात लिहिले होते, ते त्यांनी वाचले होते. सकाळपासून मी आणि नलिनीबाई मांगर झाडून तक्ते लावत होतो. प्रात्यक्षिक बाबलो करणार होता. दहाच्या सुमारास तो आला तो भिजलेला, आणि मागे त्याचा मेहुणा.

"मास्तर, घरकारणीक दुखाक लागला. मेवणो सांगूक इलोहा. चला."

"चला? मी कुठे?"

"सासरवाडेक. माका आत घेवचे नाय, मी जावय. पण तुमी सरकारी माणूस, बाई नर्स. तुमका ते नाय म्हणूचे नाय."

नलिनीबाईंनी पिशवी उचललीही होती. "मास्तर, मी जाते. पहिलटकरीण आहे, वेळ लागेल. पण जाऊन बसलेली बरी."

पावसाळ्यात त्या खाडीत होडी चाले ती दिवसाच्या भरतीवरच. पाणी ओसरू लागले की ओढ इतकी असे की होडीवाला होडी सोडत नसे. त्या दिवशी एक वाजेपर्यंत पाणी होते. मी मनात हिशेब केला. साहेब अकराला येणार. साडेअकराला प्रात्यक्षिक. बाराला दोघेही होडीवर. बाबल्याशिवाय गाठ कोण बांधणार? नर्सशिवाय वर्ग कसला?

"अर्ध्या तासाचं काम आहे," मी म्हणालो. "बाराला होडी धरा. पहिल्या खेपेला इतकी घाई नसते."

हे शेवटचे वाक्य मी पुस्तकात वाचलेले होते.

बाबल्याने माझ्याकडे बघितले. मग मेहुण्याला म्हणाला, "तू जा फुडे. आमी येतोच." पुडके त्याने मेहुण्याकडे दिले नाही. मेहुण्याला त्यातले काय कळणार, आणि आपण जाणारच आहोत. मेहुणा गेला.

अकरा वाजले, साडेअकरा झाले. जीप वाटेत चिखलात रुतली होती, हे आम्हाला मागाहून कळले. बाबलो दारात उभा राहून पाणी बघत होता. बारा वाजून गेल्यावर नलिनीबाई पुन्हा उठल्या. मी म्हणालो, "बाई, आता गाडी येईलच. तुम्ही नसाल तर माझी काय शोभा राहील?" त्या बसल्या. एकच्या जरा आधी खाडीवरून होडीवाल्याची शेवटची हाळी ऐकू आली आणि त्याच वेळी वरच्या वळणावर जीपचा आवाज आला. बाबल्याने एक पाऊल बाहेर टाकले.

"बाबल्या," मी म्हणालो. नुसते नाव घेतले.

तो आत आला.

त्याचे प्रात्यक्षिक अतिशय चांगले झाले, हे मला आजही लिहावेच लागते. त्याने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, नखे धुतली. मानेखाली हात घालून शहाळे उचलले, डोके हलले नाही. दोन गाठी मारल्या, पात्याने मध्ये कापले आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, "नाळेर काय्येक लावचा नाय. राख नाय, हळद नाय, तेल नाय."

साहेब खूश झाले. "छान! तुम्हाला मुलं किती?"

"पयलाच जन्माक येताहा, साहेब. बायल म्हायेराक आसा. आज दुखता तिचा."

"आजच? वा! म्हणजे आजचं शिक्षण आजच कामाला येणार!" साहेब हसले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. मीही वाजवल्या. फक्त सखा तांडेलांनी वाजवल्या नाहीत.

नंतर चहा झाला. साहेबांनी नलिनीबाईंची वही तपासली. होडी गेलेली होती. जमिनीवरून जायचे तर वरच्या ओढ्यावरचा लाकडी साकव वाहून गेला होता.

दुसऱ्या दिवशीच्या भरतीला बाबलो आणि नलिनीबाई पलीकडे गेले. मी गेलो नाही. साहेबांनी अहवाल लगेच मागितला होता, तो लिहीत होतो. मुलगा आदल्या दिवशी संध्याकाळीच झाला होता. सुईणीने सुपारीच्या अडकित्त्याने नाळ कापून राख लावली होती. नलिनीबाई दारात गेल्या तेव्हा बाबल्याच्या सासूने त्यांना एका शब्दानेही अडवले नाही. उलट म्हणाली, "बरा झाला बाय इलास. जरा बघा तिका." त्यांनी राख धुऊन काढली, पण रात्र आणि सकाळ मध्ये गेली होती.

बाबल्याला खळ्यात पाट दिला. "जावयबापू, तुमी हयच बसा. सोयर आसा." तो बसला नाही. उभ्यानेच दाराकडे तोंड करून ओरडला, "नाळेक काय लायलास?" घरातल्या बायका हसल्या. एकीने आतून म्हटले, "अगो बाय, जावय वैजीण झालो!" वैजीण म्हणजे सुईण. हे सगळे मला नलिनीबाईंनी सांगितले. सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

सहाव्या दिवशी मुलाने दूध ओढायचे सोडले. आठव्या दिवशी गेले. सोयर संपायच्या आत गेल्यामुळे बापाने त्याला जिवंतपणी हातात घेतले नव्हते. नंतर घेतले.

दहा-बारा दिवसांनी बाबलो माझ्या कचेरीत आला. मी उभा राहिलो. काही बोलायला हवे होते, पण तोंडात जे आले ते सगळे तक्त्यांवरचे होते. त्याने खिशातून मेणकापडाचे पुडके काढून टेबलावर ठेवले.

"ह्या तुमचा. गाठ सोडूक गावली नाय."

तो गेल्यावर मी एक काम केले, जे पहिल्याच पावसाळ्यात करायला हवे होते. वर्गाची वही घेऊन घरोघर गेलो आणि प्रत्येकाला विचारले, तुझे पहिले मूल कुठे जन्मले? पलीकडच्या गावात. आरोंद्याला. देवगडला. कुणाचे मामाच्या घरी. एकाचेही आमच्या गावात नाही. ज्या घरांत राख लागत होती त्या घरांत माझा एकही विद्यार्थी नव्हता. जे माझे विद्यार्थी होते ते त्या वेळी दुसऱ्याच्या खळ्यात पाटावर बसले होते, नाहीतर आमच्या मांगरात शहाळे उचलत होते. आईला हे तांदूळ पाखडता पाखडता कळले होते. मलाही कळायला हवे होते, माझे स्वतःचे मूल देवगडला जन्मले होते. पण मी नोकरी मिळाल्याच्या कृतज्ञतेत इतका बुडालो होतो की पुस्तकाच्या बाहेर बघणे मला कृतघ्नपणा वाटे.

अहवालावर साहेबांचा उत्तम शेरा आला. पुढच्या वर्षी मी कायम झालो. घरी कागद वाचून दाखवला तेव्हा वडिलांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांना मी काही सांगितले नाही.

वर्ग मी बंद केला. त्यानंतर नलिनीबाई आणि मी उलट्या बाजूने लागलो. कुणाची सून माहेरी जाणार असे कळले की त्या माहेरच्या गावी जायचे, तिच्या आईला आणि तिथल्या सुईणीला गाठायचे. सुईणी काही वाईट बायका नव्हत्या. त्यांना कोणी मानाने काही सांगितलेच नव्हते. त्या कामातून काही मुले वाचली असतील. माझ्या नोकरीची उरलेली वर्षे त्यात गेली, आणि चांगल्या कामाबद्दल माझा एकदा सत्कारही झाला. नारळ हातात देऊन.

एकदा मी नलिनीबाईंना म्हणालो, "बाई, त्या दिवशी मी तुम्हाला अडवलं."

"तुम्ही अडवलंत," त्या म्हणाल्या. "आणि मी अडले. आता पुन्हा काढू नका."

दोनेक वर्षांनी बाबल्याची बायको पुन्हा पोटुशी राहिली. या वेळी त्याने तिला माहेरी पाठवले नाही. सासरवाडीहून माणसे न्यायला आली, त्यांना जेवू घालून परत पाठवले. गावात हसे झाले. बाबल्याने वैजिणीचा धंदा धरला, असे लोक म्हणत. वेळ आली तेव्हा त्याने नलिनीबाईंना बोलावले. स्वतः पाणी उकळले, पाते उकळले आणि आईला सांगितले की राखेची चिमूट घेऊन कोणी उंबऱ्याच्या आत आले तर मी सोयर बघणार नाही, माणूस बघणार नाही. नाळ त्यानेच बांधली, बाई नुसत्या बघत होत्या. मुलगी झाली. नवव्या दिवशीही ती दूध ओढत होती.

बारशाचे बोलावणे नलिनीबाईंना होते. मला नव्हते. "चला माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या. मी गेलो.

आम्ही पोचलो तेव्हा बाबलो पडवीत पाटावर पाय लांब करून बसला होता आणि पायांवर मुलीला आंघोळ घालत होता, बायका घालतात तशी. पाणी कोपराने तपासत होता. ते मी शिकवले होते. पाणी घालताना तो तिच्याशी अखंड बोलत होता, कसलेतरी होडीचे, माशांचे, वाऱ्याचे. ते मी शिकवले नव्हते. शहाळ्याशी कोण बोलणार? त्याने तिला पुसले, फडक्यात गुंडाळले, मानेखाली हात दिला आणि उभा राहिला. मग त्याने मला बघितले.

मी पुढे होऊन दोन्ही हात पसरले. का पसरले कोण जाणे. बहुधा मला वाटले, त्याने एकदा दिली तर सुटलो.

"मास्तर," तो म्हणाला, "हात धुतलास?"

आवाजात राग नव्हता. वर्गात मी सगळ्यांना विचारायचो तसेच त्याने विचारले.

मी विहिरीवर गेलो. साबण ठेवलेला होता. कोपरापर्यंत हात धुतले, नखे धुतली, पुन्हा एकदा धुतले. परत आलो तेव्हा पडवीत ओला पाट होता, बाबलो नव्हता. आतून पाळण्याचा आवाज येत होता आणि त्याचे ते अखंड बोलणे. त्याच्या आईने माझ्यासाठी खळ्यात बाक आणून ठेवला. "बसा, मास्तर," ती म्हणाली आणि आत गेली.

मी बसलो नाही. ओले हात अंगापासून दूर धरून, कशाला स्पर्श होऊ नये म्हणून, मी खळ्यात उभा राहिलो. हात वाळले. तरी आतून कोणी बोलावले नाही.